स्मृतिभ्रंशाचा प्रारंभ आणि रक्तदाबाची राखण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्धाच्या विस्मरणाकडे आजार म्हणून पाहण्याची सवयच समाजाला लागलेली नाही. पहाटे खाटेवरून उठताना एखाद्या वृद्धाचा तोल गेला किंवा न्हाणीपाशी तो कोसळला, तर तेही वयाच्याच खाती मांडले जाते. विस्मरण आणि तोल जाणे यांचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे ध्यानी घेतल्यास अनेक अपघात टळतील. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांना या कामी बरेच काही करता येण्यासारखे आहे.

साठ वर्षांवरील भारतीयांची देशव्यापी पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या वयोगटातील शेकडा सुमारे ७.४, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया आहे. हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शरीरातील पाटकरी

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून पाटाचे दार उघडणारा व बंद करणारा पाटकरी असतो. शरीरातील रक्तप्रवाहालाही असाच पाटकरी आहे. मनुष्य आडवा असता उभा राहिला की, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतील आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत दाब जोखणारी मज्जातंतूंची टोके असतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रास तात्काळ वर्दी देतात. ते केंद्र हृदयाची गती वाढविते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि काही क्षणांत दाब पूर्ववत होतो. निरोगी माणसाला या घडामोडीची जाणीवही होत नाही.

या केंद्रावर मेंदूच्या वरच्या भागांची देखरेख असते. स्मृतिभ्रंशात हे भाग हळूहळू निकामी होऊ लागले म्हणजे ती देखरेख ढिली पडू शकते. पार्किन्सनच्या आजाराशी नाते असलेल्या ‘ल्युई बॉडी’ या प्रकारात हृदयाला व रक्तवाहिन्यांना जाणारे मज्जातंतूच बाधित होतात. त्यामुळे उभे राहताच दाब उतरणे हे लक्षण तेथे ठळकपणे, क्वचित विस्मरणाच्याही आधी दिसते. अल्झायमरच्या आजारात ते तुलनेने सौम्य असते.

रक्तदाबाची दोन रूपे

चाळिशी-पन्नाशीत वाढलेला आणि उपचाराविना राहिलेला रक्तदाब मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो व पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो. अमेरिकेत ९,३६१ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका चाचणीत, वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली राखण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात स्मृतिभ्रंशापूर्वीच्या सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण शेकडा १९ ने कमी आढळले. मात्र उभे राहिल्यावर ज्यांचा वरचा दाब ११० पेक्षा कमी होता, अशांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून तिचा निष्कर्ष अशा वृद्धांना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

दुसरे रूप याच्या उलट आहे. स्मृतिभ्रंश स्पष्ट होण्याच्या आधीच्या काही वर्षांत अनेकांचा रक्तदाब आपोआप खाली येऊ लागतो. पंचावन्नाव्या वर्षी मानवलेली गोळ्यांची मात्रा पंचाहत्तराव्या वर्षी अधिक ठरू शकते. त्यातच घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतली गेली, तर धोका दुणावतो. तथापि, गोळी परस्पर बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. वैद्यकीय सल्ल्याने मात्रा तपासून घेणे हाच योग्य मार्ग होय.

बसून एकदा, उभे राहून दोनदा

आरोग्य तपासणीत रक्तदाब बहुधा बसलेल्या स्थितीत एकदाच मोजला जातो. त्या मोजणीत हा दोष लपून राहतो. यासाठी वृद्धास प्रथम पाच मिनिटे आडवे किंवा बसते ठेवून दाब व नाडी मोजावी. नंतर उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० अंकांनी उतरला, तर ती बाब डॉक्टरांच्या नजरेस आणलीच पाहिजे. मोजताना एका व्यक्तीने शेजारी उभे राहावे आणि चक्कर येताच वृद्धास बसवावे.

नाडीही बोलते. शरीरातील पाणी कमी झाल्याने दाब उतरला असेल, तर नाडी सहसा जलद होते. दाब उतरूनही नाडी जागची फारशी हलली नाही, तर मज्जासंस्थेतील दोषाची शंका येते. अर्थात, हृदयगती कमी करणारे औषध चालू असल्यास ही खूण फसवी ठरते. स्मृतिभ्रंशावरील काही औषधांनीही नाडी मंदावते. त्यामुळे ती औषधे घेणाऱ्यास मूर्च्छा आल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

खानदेशचा उन्हाळा

वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंद होते. विस्मरण जडलेल्या वृद्धाला तर पाणी प्यायलो की नाही, हेही आठवत नाही. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास भर पडते. आखाजीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि नेमके याच वेळी आजोबांच्या पाण्याकडे दुर्लक्ष होते. रात्री गच्चीवर झोपलेला वृद्ध लघवीसाठी एकदम उठून अंधारात जिना उतरू लागला, तर काय घडू शकते हे सांगावयास नको.

अशा वृद्धाचे अंथरूण उन्हाळ्यात तळमजल्यावर घालावे. उठताना त्याने आधी पाय हलवावेत, थोडे बसावे आणि मग आधाराने उभे राहावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मर्यादित केले नसेल, तर घरच्यांनी ठरावीक वेळी स्वतः पाणी द्यावे. भरपेट जेवणानंतरही दाब उतरू शकतो, म्हणून थोडे थोडे खाऊ घालावे. गोळ्या एकाच जबाबदार व्यक्तीच्या हाती असाव्यात. दाब उतरतो म्हणून मीठ मात्र मनाने वाढवू नये. खानदेशी जेवणातील पापड, शेव व ठेचा यांतून ते पुरेसे जातच असते.

गावाने काय करावे

आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब तपासणीची सोय आहे. पुढील तपासणीसाठी धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहेत. मानसिक आरोग्यविषयक सल्ला १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीचे साहाय्य १४५६७ या क्रमांकावर मिळते.

ग्रामसभेपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर गावातील साठ वर्षांवरील सर्वांची बसून व उभे राहून अशी तपासणी ठेवता येईल. आशा कार्यकर्तीस कोणत्या घरी वृद्ध विसरतो आणि पडतोही, याची माहिती असतेच. शिक्षकांनी मुलांना नाडी मोजण्यास शिकविले, तर आजोबांच्या नाडीवर घरातीलच एक हात राहील. या कामास विशेष खर्च लागत नाही. लागतात ती वृद्धामागे दहा मिनिटे, आणि पडण्याला वयाचा दोष मानून गप्प न बसण्याची तयारी.