दवाखान्याच्या पैशाचा हिशेब कोण मागणार?

प्रश्न : नोकरीनिमित्त कर्नाटकात देवनहळ्ळीला राहतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात औषधं बाहेरून आणायला सांगतात. निधी येतो म्हणतात, मग जातो कुठे? हे सामान्य माणसाला तपासता येतं का?

उत्तर : येतं. ‘कॅग’चं, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं, लेखापरीक्षण होतंच, पण त्यात नमुन्यादाखल दवाखाने निवडतात; तुमच्या दवाखान्याची पाळी येईलच असं नाही. म्हणून माहिती अधिकार कायदा, 2005 वापरा. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करा. मराठी तिथे चालणार नाही. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत मांडावा लागतो, तेव्हा गाऱ्हाणं लिहीत बसू नका. ‘निधी कुठे गेला’ असं विचारलंत तर गोलमोल उत्तर येईल. त्यापेक्षा कागदपत्रं प्रत्यक्ष पाहायला मागा.

समोर तीन कागद ठेवा: पुरवठ्याचं चलन, औषधांची साठा नोंदवही, वाटपाची नोंद. एकच औषध निवडा, समजा पॅरासिटामॉल. बॅच क्रमांक जुळवत जा. साठ्यात गोळ्या शिल्लक असताना तुम्हाला चिठ्ठी बाहेरची मिळाली असेल, तर गोम वाटपात आहे. साठाच शून्य असेल, तर मागणीपत्र कधी गेलं ते बघा. पुष्कळदा चोरी नसतेच, नुसती दिरंगाई असते.

दवाखान्याचा निधी कसा खर्चायचा हे ठरवणाऱ्या आरोग्य रक्षा समितीचं इतिवृत्तही मागा. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांच्या लोकाधारित देखरेखीत गावकऱ्यांनी जनसुनवाईत असेच प्रश्न अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारले आहेत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा.