वर्गातील एकाकी मूल

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत, विशेषतः पाचवी ते आठवीच्या दरम्यान, असे एखादे मूल हटकून आढळते की ज्याच्याविषयी शिक्षकाची कसलीच तक्रार नसते. ते वेळेवर येते, वही नेटकी ठेवते, विचारले तर हळू आवाजात उत्तर देते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा पडतो. मधल्या सुटीत मात्र ते भिंतीला टेकून उभे असते. पोषण आहाराच्या पंगतीत टोकाला बसते. खेळाचे गडी वाटले जातात तेव्हा शेवटी उरते. दांडगट मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते, तसे या मुलाकडे जात नाही. म्हणून त्याचा विचार अधिक अगत्याने करावयास हवा.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. एकांत निराळा आणि एकाकीपण निराळे. पुस्तक घेऊन झाडाखाली आनंदाने बसणारे मूल एकटे असेल, पण एकाकी नसेल. ज्याला सोबत हवी आहे आणि ती लाभत नाही, ते मूल चाळीस जणांच्या वर्गातही एकाकी असते. पहिल्याला ओढून खेळात घालणे हा जुलूम होईल. दुसऱ्याला तसेच सोडणे ही उपेक्षा होईल.

हे दुःख या वयातच इतके का झोंबते, याचे उत्तर काही अंशी मेंदूच्या वाढीत सापडते. मेंदूचा आकार सहा-सात वर्षांच्या सुमारास जवळजवळ प्रौढांइतका होतो; त्यावरून त्याची वाढ तेथेच संपते असा समज पूर्वी होता. अमेरिकेतील जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांच्या मेंदूंची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली आणि 1999 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपाळामागील भागातील करडे द्रव्य मुलींमध्ये सुमारे अकराव्या व मुलांमध्ये सुमारे बाराव्या वर्षापर्यंत वाढत जाते आणि नंतर घटू लागते, असे त्यांना दिसले. ही घट म्हणजे ऱ्हास नव्हे. माळी झाडाची छाटणी करतो, तद्वत वापरात नसलेल्या जोडण्या गळतात, वापरातील बळकट होतात आणि मज्जातंतूंवरील वेष्टन दाट होऊन संदेश वेगाने जाऊ लागतात. विवेक व संयम यांच्याशी निगडित असलेल्या या भागाची घडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. भावना उसळविणारी केंद्रे मात्र आधीच जागी झालेली असतात. याच काळात आई-वडिलांच्या शाबासकीपेक्षा सोबत्यांचे मत मुलाला मोठे वाटू लागते.

लंडनमधील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. संगणकाच्या पडद्यावर तिघांनी चेंडू झेलण्याचा साधा खेळ. काही वेळाने उरलेले दोघे तिसरीकडे चेंडू टाकीनासे होतात. हे दोघे खरे नसून संगणकाचीच योजना असते. एवढ्याशा वगळण्यानेही किशोरवयीन मुलींचे मन प्रौढ स्त्रियांपेक्षा अधिक खिन्न झाले. मग शाळेच्या खऱ्या मैदानावर, रोजच्या रोज, चेंडू न मिळणाऱ्या मुलाची अवस्था काय होत असेल, हे सांगावयास नको. उंदरांच्या दूध सुटलेल्या पिलांना दोन आठवडे एकेकटे ठेवल्यास त्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील वेष्टन पातळ राहते, असेही 2012 मध्ये दिसून आले. परंतु मूल म्हणजे उंदीर नव्हे. काही महिन्यांच्या एकाकीपणाने मुलाचे कायमचे नुकसान होते, असा निष्कर्ष यावरून काढणे अनुचित ठरेल.

बीड व लगतच्या जिल्ह्यांतील शिक्षकांना याचे एक रूप दरसाल दिसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे गाव सोडतात. काही मुले आजी-आजोबांजवळ वा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापांबरोबर फडावर जातात. ती परततात तेव्हा वर्गात बाकांवरील जोड्या जुळून गेलेल्या असतात. बुडालेले गणित भरून काढण्याची काळजी शिक्षक घेतो. बुडालेली मैत्री कोणाच्याच नोंदवहीत नसते.

एकाकी मूल ओळखण्याची एक सोपी रीत आहे. याकोब मोरेनो यांनी 1934 मधील आपल्या ग्रंथात मांडलेल्या समाजमितीवर ती आधारलेली आहे. कोणाशेजारी बसावयास आवडेल, अशी तीन नावे प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर लिहावी. 'कोण आवडत नाही' हे मुळीच विचारू नये. चिठ्ठ्या शिक्षकाने एकट्याने पाहाव्या व कोणाला दाखवू नयेत. ज्याचे नाव एकाही चिठ्ठीत नाही, त्याने स्वतः कोणाचे नाव लिहिले आहे ते पाहावे आणि पुढील आठवड्यात त्या दोघांवर एखादे काम सोपवावे: परसबागेला पाणी घालणे, ग्रंथपेटीतील पुस्तके लावणे, नकाशा रंगविणे. 'याच्याशी मैत्री करा' असा हुकूम वर्गात सोडल्यास मूल अधिकच उघडे पडते. खेळाचे गडी मुलांनी निवडण्याऐवजी हजेरीपटावरून वाटावे. 'याच्याशी कोणी बोलू नये' ही शिक्षा तर कधीच देऊ नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मानसिक छळाला मनाई केलेली आहे.

क्वचित एवढ्याने भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास राहिले, झोप वा भूक मोडली, आवडीच्या गोष्टीतही त्याचे मन रमेना, तर पालकांना विश्वासात घेऊन आरोग्य केंद्राकडे न्यावे. मरणाची भाषा तोंडी आली तर ती थट्टेवारी नेऊ नये. मुलाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत मिळवावी. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 असा असून तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक कार्यालयाच्या कपाटात न ठेवता मुलांना दिसेल अशा फळ्याच्या कडेला लिहावा.