एकाच नगरींतील दोन विद्यापीठें

आमच्या भंडारा जिल्ह्यांत तलाव पुष्कळ. त्यांतील मासळीचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढें नागपुरांत दोन विद्यापीठें असतात : १९२३ सालीं स्थापन झालेलें नागपूर विद्यापीठ, ज्यास आतां राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे, व २००० सालचें महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ. निवड करतांना बहुधा जुनें कोणतें, नांवाजलेलें कोणतें, एवढेंच पाहिलें जातें. आमच्या मतें हा विचार अपुरा होय.

दोहोंची घडणच भिन्न आहे. पहिल्याच्या कक्षेंत नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे येतात. तस्मात् प्राणिशास्त्र घेऊन त्याची पदवी भंडाऱ्यास घरीं राहूनही मिळवितां येते. दुसऱ्याच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयासाठीं मात्र चार वर्षें नागपुरास राहावें लागतें. वसतिगृहाचा व खानावळीचा खर्च कित्येक घरांस जड जातो, हें विसरून चालणार नाहीं.

अभ्यासाचा रोखही निराळा. प्राणिशास्त्रांत माशाची शरीररचना व प्राणिसृष्टींतील त्याचें स्थान कळतें. मत्स्यविज्ञानांत बीज, खाद्य, पाण्याची परीक्षा, रोग व विक्री यांचें शिक्षण मिळतें. ज्यास अध्यापन करावयाचें आहे, किंवा ज्याचा मार्ग अद्यापि ठरलेला नाहीं, त्यास पहिलें बरें. ज्यास गांवच्या तलावांत रोहू-कटला वाढवावयाचा आहे, त्यास दुसरें.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आधीं काम ठरवावें, मग वडीलधाऱ्यांसह खर्चाचा हिशेब मांडावा, आणि त्यानंतरच अर्जावर विद्यापीठाचें नांव लिहावें.