‘अप्लाय’च्या पुढे ‘टू’ की ‘फॉर’?



शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, कर्ज, काहीही हवे असले तरी पहिली पायरी अर्जाची. इंग्रजीत अर्ज करणे म्हणजे ‘अप्लाय’. हे क्रियापद सर्वांना ठाऊक असते. अडते ते त्यापुढच्या लहानशा शब्दापाशी. ‘टू’ लिहावे, ‘फॉर’ लिहावे की ‘इन’? बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो, चांगली शिकलेली मुलेही येथे थबकतात आणि अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतात. म्हणून हा छोटासा पाठ.

चूक का होते ते आधी पाहू. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडतात. इंग्रजीत प्रेपोझिशन नामाच्या आधी येते. त्यातच आपण मराठी प्रत्ययाचे सरळ भाषांतर करतो. ‘बँकेत अर्ज केला’ याचे ‘अप्लाइड इन द बँक’ आणि ‘शिष्यवृत्तीला अर्ज केला’ याचे ‘अप्लाइड टू द स्कॉलरशिप’ होते. दोन्ही वाक्ये चूक आहेत.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्यय विसरून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत.

१) अर्ज कोणाकडे? उत्तराआधी ‘टू’. उदा. ‘आय अप्लाइड टू द मॅनेजर.’

२) अर्ज कशासाठी? उत्तराआधी ‘फॉर’. उदा. ‘आय अप्लाइड फॉर अ लोन.’

दोन्ही एकत्र आल्यास : ‘आय अप्लाइड टू द बँक फॉर अ लोन.’ नोकरीच्या अर्जात ‘आय विश टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क’ असे लिहावे. येथील ‘टू’ पुढच्या क्रियापदाचा आहे, त्याची गल्लत करू नये. अर्ज प्राचार्यांमार्फत जात असेल तर ‘थ्रू द प्रिन्सिपल’, आणि लेखी करायचा असेल तर ‘अप्लाय इन रायटिंग’.

‘अप्लाय’चा दुसरा अर्थ ‘लागू होणे’. ज्याला लागू होते त्याच्या आधी ‘टू’ येतो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही केंद्राच्या सवलतींचा मार्ग खुला झाला. म्हणजे त्या सवलती ‘अप्लाय टू बुद्धिस्ट्स ऑल्सो’.

आता हे वाक्य वहीत उतरवून घ्या : ‘धिस स्कीम अप्लाइज टू मी, सो आय मस्ट अप्लाय फॉर इट.’ ही योजना मला लागू आहे, म्हणून मी तिच्यासाठी अर्ज केलाच पाहिजे. यात व्याकरण आहे तसा व्यवहारही आहे. सवलत लागू असूनही मुदतीत अर्ज न केल्यामुळे कितीतरी मुले वंचित राहतात. हक्क कागदावर मिळाला तरी तो घरी आणण्यासाठी हातात पेन धरावेच लागते.

स्वाध्याय : रिकाम्या जागा भरा.

१) माय ब्रदर अप्लाइड ___ अ पासपोर्ट.
२) वी अप्लाइड ___ द वॉर्डन.
३) धिस रूल अप्लाइज ___ ऑल स्टुडंट्स.
४) शी अप्लाइड ___ द कॉलेज ___ अ फ्रीशिप.

उत्तरे : १) फॉर २) टू ३) टू ४) टू, फॉर.

चारही बरोबर आली तर पुढचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा, आणि शेजारच्या एका तरी मुलाला लिहायला शिकवा.

जय भीम! जय भारत!