एकत्र भोजन आणि कुटुंबाचे पोषण

शेतावर, कामावर आणि शाळेत दिवसभर विखुरलेले कुटुंब सायंकाळी घरी परतते. रात्रीचे जेवण हीच बहुधा सर्वांनी एकत्र बसण्याची वेळ होय. तथापि अनेक घरांत हीही वेळ विभागलेली आढळते. प्रथम पुरुष व मुले, नंतर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आणि सर्वांत शेवटी सून, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

शेवटच्या पानाचा प्रश्न

शेवटी बसणाऱ्या स्त्रीला भाकरी मिळते. परंतु उसळ, पालेभाजी किंवा दूध उरतेच असे नाही. अन्न कमी पडले हे तिलाच ठाऊक असते आणि ती ते बोलून दाखवीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयोगटातील पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. मासिक पाळी, गरोदरपण व जंत ही रक्तक्षयाची कारणे आहेतच. मात्र ज्या गरोदर स्त्रीला लोहयुक्त अन्नाची गरज सर्वाधिक, तिचेच पान शेवटी वाढले जात असेल, तर या कारणांत आणखी एकाची भर पडते.

सर्व जण एका पंगतीस बसले म्हणजे पातेल्यातील अन्न सर्वांच्या डोळ्यांसमोर वाटले जाते. कोणाच्या पानात काय पडले नाही, हे सांगावे लागत नाही, ते दिसते. जेवणासोबत लिंबाची फोड घेतल्यास भाजी-कडधान्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते, तर जेवणालगत घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो.

मुलांचे शिक्षण

मोठी माणसे पालेभाजी खाताना पाहून मूलही ती खाऊ लागते. लहान मुलाला मात्र त्याची स्वतंत्र वाटी द्यावी. म्हणजे त्याने किती खाल्ले ते आईला कळते. शाळेतील अडचण, मनातील भीती किंवा प्रकृतीची कुरकुर मूल जेवताना सहज बोलून जाते. त्यासाठी त्या वेळी दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद असणे इष्ट.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली या बाबतीत सामूहिक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच घरोघरी ही साधने बंद करावयाची आणि दीड तास अभ्यास व संवादासाठी द्यावयाचा, असा तो निर्णय होता. गावाने मनावर घेतल्यास घरातील सवयही बदलता येते, हे यावरून दिसते.

काय करता येईल

शेतीपंपास रात्री वीज मिळते तेव्हा, किंवा कामाची रात्रपाळी असते तेव्हा सर्वांना एकत्र बसणे शक्य होत नाही. अशा घरी प्रत्येकाचा वाटा आधीच काढून ठेवावा; त्यात स्वयंपाक करणारीचाही असावा. वाढण्याचे व ताटे उचलण्याचे काम मुलग्यांनीही करावे, अन्यथा ती पंगतीस बसूच शकणार नाही. शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी महिला सभेत हा विषय मांडावा. गावातील बैठका जेवणाच्या वेळी ठेवू नयेत.

या सुधारणेस निधीची वा मंजुरीची आवश्यकता नाही. तिचा आरंभ मात्र सदस्यांच्या व शिक्षकांच्या स्वतःच्या घरापासून व्हावयास हवा.