माणूस पाहून काम द्यावं

चि. मनूस,


तुमच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या (एनएसएस) मुलांबरोबर आता सोसायटीतली निवृत्त मंडळीही सेवेच्या कामाला येणार आणि कुणाला कुठे पाठवायचं ते तू ठरवणार, हे वाचून फार बरं वाटलं. एकच सांगते. किती जण आले हे मोजू नकोस, कोणतं काम कुणाच्या हातून नीट होईल ते आधी पाहा.

अंध विद्यार्थ्यांचंच घे. परीक्षेला लेखनिक लागतो आणि बऱ्याच परीक्षांत तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम असतो. बारावीच्या मुलाचा पेपर अकरावीची मुलगी लिहू शकते. निवृत्त इंजिनिअर आजोबा कितीही हौसेने आले तरी तिथे चालणार नाहीत. पण वर्षभर रोज तासभर पाठ्यपुस्तक वाचून रेकॉर्ड करून देणं त्यांनाच जमेल. लेखनिक ठरवताना त्याचं स्वतःचं वेळापत्रक तपास. दोघांचे पेपर एकाच वेळी आले, तर ऐनवेळी माणूस मिळत नाही. आधी एक सराव पेपरही लिहून घे. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, सांगितलं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

सरकारी दवाखान्यात फॉर्म भरून द्यायला बँकेतून निवृत्त झालेला माणूस उत्तम. ओपीडी सकाळची, तेव्हा मुलांचे तास असतात. मात्र बसायला खुर्ची मिळेल ना, हे विचारल्याशिवाय त्याला पाठवू नकोस. जिने चढून रिपोर्ट आणायला सुट्टीतली मुलं दे.

आवड सगळेच विचारतात. तू काय झेपणार नाही तेही विचार, आणि समोर बसून विचार. कमी ऐकू येतं, संध्याकाळी रस्ता ओलांडायची भीती वाटते, हे कुणी कागदावर लिहीत नाही.

एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचे म्हणून मुलं येतील. त्यात गैर काही नाही. फक्त ते तास दहा ठिकाणी उधळू देऊ नकोस. एकाच ठिकाणी गेले तर तिथल्या माणसांची ओळख होते आणि ओळखीनेच काम टिकतं.

महिनाभराने प्रत्येकाला फोन कर, संस्थेलाही कर. जोडी जमली नसेल तर संकोच न करता बदल. नाही म्हणायची मोकळीक दिलीस, तरच माणसं पुढच्या वर्षीही येतील.

तुझी,
आत्या