पॅनेलमधला पेनड्राइव्ह

चि. मुक्तास,


पेनड्राइव्ह खोचला की कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलमधल्या लिनक्स पीसीने तो आपोआप माउंट करावा, असं तुझ्या साहेबांना हवंय. घरच्या लॅपटॉपवर हे काम डेस्कटॉप परस्पर करतो. पॅनेलमधल्या डब्याला डेस्कटॉप नसतो, समोर माणूसही नसतो. तेव्हा ते तुलाच लिहावं लागणार.

पहिला मोह होईल तो यूडेव्हच्या नियमातच माउंटची कमांड टाकायचा. तसं करू नकोस. सिस्टमडीची यूडेव्ह सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालते, त्यामुळे तिथलं माउंट बाकीच्या प्रोग्रॅमना दिसत नाही, आणि मागे रेंगाळलेली प्रोसेस ती मारूनही टाकते. यूडेव्ह हा गेटवरचा वॉचमन आहे: त्याने वर्दी द्यावी, माल उतरवायला सिस्टमडीचं युनिट आहे.

एसडीए१ या नावावर विसंबू नकोस. दुसरी डिस्क आधी ओळखली गेली की तेच एसडीबी१ होतं. ब्लकआयडीने यूयूआयडी काढ आणि तो वापर. कायमची डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिलीस तर सोबत नोफेल हवंच. नाहीतर वीज जाऊन आल्यावर डिस्क जागेवर नसेल, तर पीसी साधारण दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मग काय करायचं?

याहून चोरटी भानगड वेगळीच आहे. ड्राइव्ह माउंट झालेला नसला तरी त्याचा फोल्डर असतोच. तुझा लॉगर बिनदिक्कत त्यात लिहीत राहतो, म्हणजे खरं तर आतल्या फ्लॅशवर, आणि एक दिवस रूट फाइलसिस्टम भरून उत्पादनाची लाइन थांबते. लिहिण्याआधी माउंटपॉइंट कमांडने खात्री करून घे.

सुरक्षेला हसू नकोस. 2010 साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा वर्म विंडोजवरचा होता, पण इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणांपर्यंत तो पोचण्यात पेनड्राइव्हचा मोठा वाटा होता. नोएक्झेक, नोसुइड, नोडेव्ह हे पर्याय लाव. नुसती मशीनची रेसिपी वाचायची असेल तर रीड-ओन्ली. तरीही ड्राइव्हवरची स्क्रिप्ट कोणी शेलला वाचायला दिली, तर नोएक्झेक ती अडवत नाही. यूयूआयडीचीही नक्कल करता येते. म्हणून ड्राइव्हवरून अपडेट चालवायचा असेल, तर आधी त्याची डिजिटल सही तपास.

आता काढण्याचं. याचा विचार फारसा कोणी करत नाही. कॉपी संपल्यासारखी दिसते तेव्हा डेटा मेमरीतच असू शकतो, आणि ऑपरेटर तर ड्राइव्ह उपटणारच. फॅट असेल तर फ्लश पर्याय दे. सतत सिंक ठेवलंस तर सगळंच मंदावतं, शिवाय चिपही लवकर झिजू शकते. मी तर एचएमआयच्या पडद्यावर ‘ड्राइव्ह काढा’ असं बटण देईन आणि अनमाउंट झाल्यावरच हिरवा दिवा लावीन. तो दिवा हातमोजे घातलेल्या माणसाला लांबून दिसेल अशा जागी हवा. जागा ठरवायच्या आधी दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना विचार.

युनिट फाइल लिहून झाली की मला पाठव.

तुझा,
मामा